दासीची वंशावळ : मेल्व्हिनियाचा शोध आणि आपल्या नोंदवह्या

एज्राच्या ग्रंथाचा दुसरा अध्याय प्रवचनासाठी सहसा कोणी निवडीत नाही. बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेस परतलेल्या घराण्यांची ती कोरडी यादी आहे. कोणत्या घराण्याचे किती जण, याजक किती, लेवी किती, द्वारपाल किती, असा सारा हिशेब तीत मांडलेला आहे. याजकांच्या काही घराण्यांनी आपल्या वंशावळीचा लेख शोधला, तो मिळाला नाही आणि म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. लेख नसला म्हणजे माणसाचे समाजातील स्थान जाते, ही गोष्ट त्या काळीही खरी होती.

अध्यायाच्या शेवटी बेरीज येते. सारी मंडळी ४२,३६० भरली. तिच्याखेरीज दास व दासी ७,३३७ होते आणि गायक व गायिका २०० होत्या. त्यापुढे लगेच घोडे ७३६, खेचरे २४५, उंट ४३५ आणि गाढवे ६,७२० असे आकडे येतात. त्या ७,३३७ जणांपैकी एकाचेही नाव, गाव वा कूळ तेथे नोंदलेले नाही. मंडळीनंतर आणि जनावरांच्या आधी त्यांची केवळ गणती झालेली आहे. त्यांनाही आईबाप होते, लेकरे होती. परंतु यादी करणाऱ्यास ते लिहिण्याचे प्रयोजन वाटले नाही.

अशा निव्वळ आकड्यात हरवलेल्या माणसाचे कूळ पुढे कोणी शोधू लागला, तर त्याच्या हाती काय लागते? प्रस्तुत लेखात आम्ही अमेरिकेतील एका दासीच्या वंशशोधाची हकीकत मांडणार आहोत. तीवरून नोंदवही लिहिणाऱ्या आपणा धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना काय शिकता येईल, त्याचाही थोडा विचार करणार आहोत.

१. शेवटच्या कागदापासून मागे

आपल्याकडे वंशावळ मूळ पुरुषापासून खाली उतरत येते. वंशशोधकाचा मार्ग नेमका उलट असतो. तो माहीत असलेल्यापासून माहीत नसलेल्याकडे, मृत्यूच्या दाखल्यापासून जन्माकडे, एकेक पायरी मागे जातो. प्रत्येक पायरीला लेखी आधार हवा, अशी त्याची शिस्त असते. आधाराविना घेतलेली एक उडी पुढचा सारा शोध परक्या घराण्यात नेऊन सोडते.

मेल्व्हिनिया शील्ड्‌स ही स्त्री १९३८ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील बार्टो परगण्यात किंग्स्टन या गावी मृत्यू पावली. तिचे वय तेव्हा नव्वदीच्या पुढे होते. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईबापांच्या नावांसाठी जागा आहे. माहिती देणाऱ्या आप्ताने तेथे ‘माहीत नाही’ असे लिहवून घेतले. ज्या स्त्रीची मुले, नातवंडे व पतवंडे हयात होती, तिला जन्म कोणी दिला हे घरातील कोणालाही सांगता येत नव्हते.

या दाखल्याकडे जगाचे लक्ष गेले ते २००९ साली. त्या वर्षी बराक ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी मिशेल यांच्या आईकडील घराण्याचा शोध मेगन स्मोलेन्याक या वंशावळीच्या अभ्यासिकेने घेतला आणि ती हकीकत ऑक्टोबर २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. त्याच वृत्तपत्राच्या रेचल स्वार्न्स यांनी पुढे हाच विषय घेऊन २०१२ साली एक ग्रंथ लिहिला. मेल्व्हिनियाचा थोरला मुलगा डॉल्फस, त्याचा मुलगा रॉबर्ट ली, त्याचा पर्नेल, पर्नेलची मुलगी मेरियन आणि मेरियनची मुलगी मिशेल, अशी ही परंपरा आहे. मेरियन यांचा जन्म १९३७ सालचा. म्हणजे मेल्व्हिनिया जिवंत असतानाचा. दासीच्या हयातीत जन्मलेली तिची खापरपणती तिच्या मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी राहावयास गेली. इतका जवळचा हा इतिहास आहे.

परंतु या प्रसिद्धीचे आम्हांस येथे मोठेसे कारण नाही. मेल्व्हिनियासारख्या लक्षावधी स्त्रिया होऊन गेल्या. तिच्या वंशजांपैकी एक जण थोर पदास पोहोचली, म्हणून तिचे कागद शोधले गेले, एवढाच भेद. आपल्याला पाहावयाचे आहेत ते कागद.

२. १८७० ची भिंत

मेल्व्हिनियाच्या मुलापासून मागे जाणे फारसे कठीण नव्हते. डॉल्फस शील्ड्‌स अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी सुतारकाम करीत असे. त्याने स्वतःचे घर बांधले, स्वतःचा धंदा उभारला. तेथील दोन बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संस्थापकांत त्याचे नाव आहे. १९५० साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, तो वारला. घरमालक, कारागीर आणि मंडळीचा स्तंभ अशा माणसाच्या नोंदी जागोजागी सापडतात.

त्याच्या आधी १८७० ची जनगणना आहे. तीत जॉर्जियातील एका शेतावर मजुरी करणारी मेल्व्हिनिया आणि तिची चार मुले नावानिशी दिसतात. त्याच्या मागे मात्र वाट अडते. अमेरिकेतील वंशशोधक या अडथळ्याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात, आणि तिचे कारण आपण नीट समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेत १८५० व १८६० साली ज्या जनगणना झाल्या, त्यांत स्वतंत्र माणसांची नावे घरोघर लिहिली गेली. दासांसाठी निराळे तक्ते होते. त्या तक्त्यांत नाव लिहिले जाई ते धन्याचे. त्याच्या नावाखाली प्रत्येक दासासाठी एकेक ओळ असे आणि तीत वय, लिंग व वर्ण एवढेच येई. आपल्या जुन्या भाषेत ज्याला शिरगणती म्हणत, त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ येथे दिसतो. कोणते मूल कोणत्या आईचे, कोणती स्त्री कोणाची पत्नी, हे त्या तक्त्यांवरून कळत नाही. दासांचा विवाह कायदा मानीतच नव्हता. तेव्हा विवाहाच्या सरकारी नोंदी असण्याचा प्रश्नच नव्हता. १८६५ च्या डिसेंबरात राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने दास्य नष्ट झाले. त्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १८७० च्या जनगणनेत हे लोक प्रथमच आपापल्या नावाने उभे राहिले. त्यांच्यातील बहुतेकांच्या बाबतीत सरकारी गणनेत नाव व आडनाव लिहिले जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

ही भिंत ओलांडण्याची काही साधने आहेत. मुक्त झालेल्यांच्या साहाय्यासाठी सरकारने स्थापन केलेले खाते १८६५ ते १८७२ पर्यंत चालले. त्याच्या दप्तरात मजुरीचे करार, विवाहाच्या नोंदी व तक्रारी आहेत. मुक्त दासांसाठी निघालेली बचत बँक १८७४ साली बुडाली आणि गरिबांची पुंजी गेली. परंतु खाते उघडताना तिने आईबाप, भावंडे व पूर्वीचा धनी यांची नावे विचारली होती. पैसा गेला, तरी वंशजांसाठी त्या खातेवह्या मोलाच्या ठरल्या. जेथे ही साधने लाभत नाहीत, तेथे शोधकाला एकच वाट उरते. धन्याच्या दप्तरात शिरावे लागते.

३. चरखे, गुरे आणि एक मुलगी

मुक्त झालेल्या दासांपैकी अनेकांनी पूर्वीच्या धन्याचे आडनाव घेतले. सर्वांनीच तसे केले असे नाही. म्हणून आडनाव हा पुरावा न मानता केवळ खूण मानावी लागते. शील्ड्‌स या नावाची खूण जॉर्जियातील क्लेटन परगण्यात हेन्री शील्ड्‌स नावाच्या शेतकऱ्याकडे जाते. तो काही मोठा मळेवाला नव्हता. त्याच्याकडे दास मोजकेच होते आणि धन्याचे कुटुंब व दास शेजारी शेजारी राबत.

आता या धन्याकडे मेल्व्हिनिया आली कोठून? येथे शोधकाला धन्याचीच वंशावळ मांडावी लागते, कारण दास हे वारशाने फिरत. बाप मेला की जमीन बहुधा मुलांकडे जाई आणि दास लेकी-जावयांकडे जात. हेन्रीची पत्नी क्रिश्चिॲन ही दक्षिण कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्ग येथील डेव्हिड पॅटरसन याची कन्या. या पॅटरसनने १८५० साली मृत्युपत्र केले आणि १८५२ साली तो वारला. त्याच्या मृत्युपत्रात चरखे, विळे, टेबलावरची वस्त्रे, गुरेढोरे यांची वाटणी आहे आणि त्यांच्याच ओळीत मेल्व्हिनिया नावाच्या एका निग्रो मुलीचा उल्लेख आहे. पुढे झालेल्या आकारणीत तिची किंमत ४७५ डॉलर धरली गेली. मृत्युपत्र झाले तेव्हा ती सुमारे सहा वर्षांची होती.

पॅटरसनच्या मृत्यूनंतर ती जॉर्जियात त्याच्या मुलीकडे व जावयाकडे आली. जेथे तिची आई असेल, जेथे तिला ओळखणारी माणसे होती, ते सारे मागे राहिले. तिच्या आईचे नाव कोणत्याही कागदावर तिच्या नावाशी जोडलेले नाही. ज्याने मृत्युपत्र लिहिले त्याला वस्तूंची वाटणी करावयाची होती. वस्तूला आई नसते.

येथे एक विचित्र गोष्ट आपल्या ध्यानात येते. मेल्व्हिनियाच्या बालपणाचा जो पुरावा आज उपलब्ध आहे, तो तिला माणूस न मानणाऱ्या कागदाने राखून ठेवला. पॅटरसनला तिची आठवण ठेवावयाची नव्हती. तरीही त्याच्या लेखणीतून तिचे नाव उतरले आणि एकशे साठ वर्षांनी तेच नाव साक्षीला आले. अन्याय करणाऱ्याच्या हातून लिहिला गेलेला कागद पुढे त्या अन्यायाचीच साक्ष देतो, ही गोष्ट क्रूसावर पिलाताने लावविलेल्या पाटीचे मनन करणाऱ्यांना अपरिचित वाटू नये.

४. मौनाची मर्यादा

मेल्व्हिनियाचा मुलगा डॉल्फस १८५९ च्या सुमारास जन्मला. तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची असावी. १८७० च्या जनगणनेत तिच्या चार मुलांपैकी तिघांची नोंद मिश्रवर्णी अशी आहे. त्यांतील एकाचा जन्म दास्यमुक्तीनंतर चार वर्षांनी झाला. त्या वेळी ती हेन्रीचा मुलगा चार्ल्स याच्या शेताला लागून असलेल्या जमिनीवर काम करीत होती. पुढे दोन्ही घराण्यांच्या वंशजांच्या जैविक चाचण्या झाल्या. त्यांतून त्यांचे रक्ताचे नाते स्पष्ट झाले. डॉल्फसचा पिता बहुधा हाच चार्ल्स मॅरियन शील्ड्‌स असावा, असा निष्कर्ष २०१२ साली मांडला गेला.

रक्ताची चाचणी नाते सांगते. ते नाते कसे जडले, हे ती सांगत नाही. धन्याच्या घरातील तरुण आणि विकत मिळणारी मुलगी यांच्यात ‘संमती’ या शब्दाला अर्थ तरी काय उरतो? कायद्याने तिला नकाराचा अधिकारच दिला नव्हता. पुढील वर्षांत त्या दोघांमध्ये भय होते, सक्ती होती, की आणखी काही होते, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही आणि मेल्व्हिनियाने आपल्या वंशजांना ते सांगून ठेवलेले दिसत नाही. जो शोधक येथे आपल्या कल्पनेने कथा रचतो, तो त्या स्त्रीजवळ जे शेवटचे उरले होते तेही हिरावून घेतो. काय सांगावे आणि काय सांगू नये, हे ठरविण्याचा हक्क तिला आयुष्यात उशिराच मिळाला. तिचे मौन हीही एक नोंद आहे, असे आम्हांस वाटते.

याउलट एक नोंद अशी आहे की, जी वाचून मन भरून येते. तिशी-चाळिशीच्या दरम्यान मेल्व्हिनियाने ते शेत सोडले आणि ती उत्तरेकडे बार्टो परगण्यात जाऊन राहिली. तेथे तिच्या शेजारी बोलस व मरायाह ईझली हे कुटुंब होते. हे कुटुंब पॅटरसनच्याच मालमत्तेवर पूर्वी दास्यात होते. लहानपणी ज्यांच्यापासून तिला तोडले, त्यांना तिने सुमारे तीस वर्षांनी पुन्हा गाठले. त्याच घरातील ॲलिस या मुलीशी डॉल्फसचा विवाह झाला. मृत्युपत्राने ज्यांची ताटातूट केली, ती माणसे सोयरिकीने पुन्हा एक झाली. आईबापांचे नाव ठाऊक नसलेल्या या स्त्रीने आपले गणगोत स्वतः शोधले होते. शोधकांनी पुढे केले ते तिच्याच कामाचा माग घेण्याचे.

असे शोधणारी ती एकटी नव्हती. मुक्तीनंतर अनेक वर्षे आया मुलांना आणि भावंडे भावंडांना शोधीत होती. न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या मेथडिस्ट पत्रात १८७९ पासून ‘हरवलेले स्नेही’ या अर्थाच्या मथळ्याखाली अशी पत्रे छापली जात. आईचे नाव, विकले गेल्याचे ठिकाण, धन्याचे नाव, शेवटची भेट, असा मजकूर त्यांत असे. ही पत्रे पाळकांनी आपापल्या मंडळीत व्यासपीठावरून वाचून दाखवावीत, अशी संपादकांची विनंती असे. उपासनेला आलेल्या लोकांपुढे एका आईचा शोध वाचला जाई. याहून योग्य अशी कोणती सूचना व्यासपीठावरून दिली जात असेल, हे आम्हांस सुचत नाही.

५. ख्रिस्तसभेची दोन दप्तरे

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळणे प्राप्त आहे, कारण दासांच्या याद्या केवळ शेतकऱ्यांनीच केल्या असे नाही. अमेरिकेच्या मेरिलँड प्रांतातील येशूसंघीयांचे मळे होते आणि त्या मळ्यांवर दास होते. १८३८ च्या जूनमध्ये प्रांताधिपती फादर थॉमस मलेडी यांनी २७२ स्त्रीपुरुष व मुले लुइझियाना राज्यातील दोघांना १,१५,००० डॉलरला विकण्याचा करार केला. त्या रकमेचा काही भाग कर्जात बुडालेल्या जॉर्जटाउन महाविद्यालयाकडे गेला. कुटुंबे तोडू नयेत, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी आणि पैसा कर्ज फेडण्यासाठी वापरू नये, अशा अटी रोमहून संघाच्या श्रेष्ठींनी घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. २०१७ साली येशूसंघाने व जॉर्जटाउन विद्यापीठाने या विक्रीबद्दल वंशजांसमोर जाहीर क्षमा मागितली.

क्षमा मागावयाची तर ती कोणापुढे, हे आधी शोधावे लागले. ते काम विकणाऱ्याच्या यादीतून सुरू झाले. त्या यादीत कॉर्नेलियस हॉकिन्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. लुइझियानात ज्या मळ्यावर तो गेला, तेथून देऊळ इतके दूर होते की त्याचा विवाह धर्मगुरूविना झाला. १८७० च्या जनगणनेत तो मुक्त मजूर म्हणून दिसतो. त्यानंतर सहा वर्षांनी, पहिल्या मुलाच्या जन्माला सुमारे तीन दशके लोटल्यावर, त्याने धर्मगुरूंसमोर आपला विवाह पुन्हा विधिपूर्वक साजरा केला. तेथपासून त्याच्या मुलानातवंडांचे बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नोंदी साखळीसारख्या मिळत गेल्या आणि शोधक त्याच्या हयात वंशजांपर्यंत पोहोचले. २०१६ साली ही हकीकतही स्वार्न्स यांनीच वृत्तपत्रातून मांडली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. एकाच ख्रिस्तसभेच्या दोन दप्तरांत या माणसाचे नाव आहे. एका दप्तराने त्याला विकले. दुसऱ्या दप्तराने त्याला पती, पिता व बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती म्हणून लिहून ठेवले. दोन्ही दप्तरे धर्मगुरूंनीच लिहिली होती. लेखणी तीच असली, तरी ती कोणत्या हेतूने हाती धरली यावर सारे अवलंबून राहिले.

६. आपल्या दप्तराकडे

आपला अमेरिकेतील या घटनांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दूरचा असला, तरी तुटलेला नाही. नाशिकजवळचे शरणपूर आपल्याला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणाऱ्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले तेथील चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली, शिकली आणि त्यांतील अनेक जण १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ वसविलेल्या फ्रेअर टाउनमध्ये गेले. लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ साली इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा त्याच शाळेचा विद्यार्थी. त्याचे हे नाव बाप्तिस्म्याचे, युरोपीय घडणीचे. आईने जे नाव ठेवले, त्याचा माग त्या नावावरून लागत नाही.

दास्याची गोष्ट निराळी आणि दुष्काळाची निराळी; त्या दोहोंची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु तुटलेल्या वंशावळी आपल्याही मंडळ्यांत आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत अनेक अनाथ मुले मिशनच्या आश्रमांत आली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून व गुजरातेतून कित्येक मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात त्यांचा सांभाळ केला. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत हिंदू घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे मिळतात. आपल्यातील ज्या कुटुंबांची परंपरा एखाद्या अनाथाश्रमाच्या दाराशी येऊन थांबते, त्यांना मात्र एकच वही असते, ती म्हणजे बाप्तिस्म्याची. तीत ‘माहीत नाही’ असे लिहिलेले असले, तर पुढे वाट नाही.

म्हणून ही वही कशी लिहावी, हा केवळ कारकुनीचा प्रश्न नाही. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडक धर्मगुरूंना घालून दिला आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवण्यास सांगितले. १९८३ च्या विधिसंहितेचे कलम ५३५ प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या वह्या ठेवाव्यात आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे सांगते. कलम ८७७ नुसार बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव, आईबाप, धर्ममातापिता, संस्कार देणारा, स्थळ, दिनांक, तसेच जन्माचे स्थळ व दिनांक ही सारी नोंदली पाहिजेत.

याच कलमाचा दुसरा भाग आपण पुरेशा लक्षाने वाचतो काय, अशी आम्हांस शंका आहे. अविवाहित मातेच्या मुलाची नोंद करताना, तिचे मातृत्व सर्वांस विदित असेल किंवा ती स्वेच्छेने तसे लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर सांगत असेल, तरच तिचे नाव लिहावे, असे तेथे म्हटले आहे. पित्याचे नाव सरकारी दस्तऐवजाने किंवा धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर त्याने स्वतः दिलेल्या कबुलीने सिद्ध झाले, तरच लिहावे. अन्यथा बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव तेवढे लिहावे. ख्रिस्तसभेने येथे सत्य व दया या दोहोंना जागा ठेवली आहे. खोटे लिहावयाचे नाही, आणि जे उघड करण्याचा अधिकार मातेचा आहे ते तिच्याकडून खेचून घ्यावयाचे नाही. मेल्व्हिनियाच्या मौनाचा मान राखणे ते हेच.

परंतु दयेपोटी मोकळी ठेवलेली जागा निराळी आणि आळसापोटी राहिलेली जागा निराळी. शंभर वर्षांनी वही उघडणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळशा कोऱ्या जागा दुसऱ्या प्रकारच्या आहेत, असे जुन्या वह्या चाळणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल. ‘सखूबाई, प्रौढ, धर्मांतरित’ अशी नोंद करून लिहिणारा पुढच्या ओळीकडे वळला असेल, तर त्या सखूबाईचे माहेर, तिचे गाव, तिच्या आईचे नाव हे सारे त्याच क्षणी बुडाले. त्या दिवशी ती समोर उभी होती. विचारले असते तर तिने सांगितले असते.

यास्तव काही गोष्टी आपण नेमाने कराव्यात असे सुचवावेसे वाटते. आईचे नाव लिहिताना तिचे माहेरचे नाव व गावही लिहावे. प्रौढाचा बाप्तिस्मा असेल, तर त्याचे पूर्वीचे नाव गाळू नये; नवे नाव जुन्याला पुसण्यासाठी दिलेले नसते. अनाथ बालक असेल, तर ते कोठे, केव्हा व कोणाला मिळाले आणि त्याच्याजवळ काय होते, हे नोंदीशेजारी लिहावे. मृत्यूच्या नोंदीत माहिती कोणी दिली ते लिहावे. ‘माहीत नाही’ हे शब्द घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारल्यावाचून लिहू नयेत. जातीचा वा कलंकाचा शेरा तर कधीच लिहू नये; तो संस्काराचा भाग नाही आणि वंशजांच्या हाती पडल्यावर त्याने जखमच होते. धर्मशिक्षक गावोगाव फिरतात, वृद्धांना भेटतात. त्यांनी हे काम अंगावर घेतले, तर धर्मगुरूंपेक्षा ते अधिक चांगले करतील. जुन्या वह्यांना वाळवी व ओल यांपासून जपणे आणि त्यांच्या प्रती करून ठेवणे हेही याच सेवेत मोडते.

उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात अब्राम व साराय बोलतात, तेव्हा त्यांच्या तोंडी हागारेचे नाव एकदाही येत नाही. ती त्यांची दासी असते, एवढेच. तिला तिच्या नावाने पहिली हाक मारतो तो परमेश्वराचा दूत, रानातील झऱ्यापाशी. हाक मारून तो तिला दोन गोष्टी विचारतो : ती कोठून आली आणि कोठे चालली आहे. देवाला तिचे उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. तरीही तिला विचारण्यात आले आणि तिने सांगितलेले लिहून ठेवण्यात आले. बाप्तिस्म्याची वही घेऊन आपण बसतो, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला हेच विचारावयाचे असते. पुढच्या रविवारी ती वही उघडाल, तेव्हा आईच्या नावाची ओळ सावकाश लिहावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.